वेब दुर्बीण आकाशात असताना मध्य-अवरक्त व्यतिकरणमापनाचे काम काय उरले?

गिरणाकाठ | रात्री ९.१२

नमस्कार मंडळी.

मागच्या थंडीत आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील अकरा मुलामुलींना घेऊन तोरणमाळला आकाशदर्शनासाठी गेलो होतो. मृग नक्षत्र डोक्यावर आल्यावर काक्षी दाखवली आणि नेहमीचे वाक्य बोलून गेलो, की हा तारा सूर्याच्या जागी आणून ठेवला तर त्याचा पसारा मंगळाच्या कक्षेपलीकडे जाईल. त्यावर एका मुलीने विचारले, "सर, दुर्बिणीतूनसुद्धा तो ठिपकाच दिसतो आहे, मग त्याचा आकार मोजला कोणी?" मायकेलसन आणि पीस यांनी १९२० च्या डिसेंबरात माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटी तुळई बसवून, तिच्या दोन टोकांवरच्या आरशांतून आलेला प्रकाश एकत्र करून तो व्यास एका विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ४७ सहस्रांश एवढा काढला, हे मी सांगितले. तिचा पुढचा प्रश्न मात्र मला तिथेच पुरता उलगडता आला नाही. आता जेम्स वेबसारखी दुर्बीण अवकाशात आहे आणि तिला हवेचा अडथळाही नाही, तर दोन आरशांचा प्रकाश एकत्र करायची शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती, म्हणजे व्यतिकरणमापन, अजून कशाला वापरायची, असे तिचे म्हणणे होते. उरलेले उत्तर या धाग्यात लिहीत आहे. चुकलो तर सांगावे.

आधी तरंगलांबीचे पाहू. वस्तू जितकी गार, तितका तिच्या प्रकाशाचा भर लांब तरंगांकडे सरकतो. सूर्याचे ५८०० केल्विन तापमान अर्ध्या मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उजळते आणि ३०० केल्विनच्या वस्तू सुमारे १० मायक्रॉनला उजळतात. वैशाखात भुसावळच्या फलाटावरचा लोखंडी बाक, घराची भिंत, त्या भिंतीला टेकलेले आपण, हे सगळे १० मायक्रॉनच्या डोळ्यांना दिव्यासारखे दिसेल. आकाशात या तापमानाला असते ती मुख्यतः धूळ. नवजात ताऱ्याभोवती ज्या अंतरावर पृथ्वीसारखे ग्रह घडण्याची शक्यता असते तिथली धूळ, म्हाताऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेली धूळ आणि काही दीर्घिकांच्या केंद्रातील कृष्णविवराभोवती साचलेली धूळ, सगळी याच पट्ट्यात बोलते. त्याहून तापलेली धूळ जवळच्या अवरक्तात, म्हणजे लाल रंगापलीकडच्या लगतच्या अदृश्य प्रकाशात दिसते आणि अगदी गार धुळीसाठी अल्मासारख्या रेडिओ दुर्बिणी आहेत. मधला टप्पा ३ ते १३ मायक्रॉनचा, तोच मध्य-अवरक्त.

आता बारकाव्याचे. दुर्बिणीला किती बारीक दिसेल, हे तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास या गुणोत्तरावर ठरते, त्यामुळे तरंगलांबी वीसपट झाली की तोच आरसा वीसपट आंधळा होतो. वेबचा आरसा साडेसहा मीटरचा आहे, म्हणजे १० मायक्रॉनला त्याची मर्यादा एका विकलेच्या साधारण एक तृतीयांश आहे. चिलीतील सेरो पारानाल या २६३५ मीटर उंचीच्या डोंगरावर ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणी आहेत आणि त्यांतल्या सर्वांत दूरच्या दोघींमधील अंतर सुमारे १३० मीटर आहे. त्यांचा प्रकाश एकत्र केला की हिशेब वेबपेक्षा बरोबर वीसपट सुधारतो आणि एका विकलेच्या १६ सहस्रांशापर्यंत पोहोचतो. जळगावात उभे राहून मुंबईतले दहा रुपयांचे नाणे पाहिले, तर ते जवळपास एवढ्याच कोनात मावेल. थोडक्यात, त्या चार दुर्बिणी मिळून १३० मीटर व्यासाचा एक आरसाच तयार होतो.

या व्यवस्थेवर मिडी नावाचे उपकरण होते, ते एका वेळी दोन दुर्बिणींचा ८ ते १३ मायक्रॉनचा प्रकाश एकत्र करी. त्याने पहिले व्यतिकरण पट्टे, म्हणजे एकत्र आलेल्या प्रकाशात उमटणाऱ्या काळ्या-उजळ रेघा, २००२ च्या डिसेंबरात टिपले. २०१८ मध्ये त्याची जागा मातिस या उपकरणाने घेतली, त्यात चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र येतो आणि ३ मायक्रॉनपासून पुढचा भागही मिळतो.

मला स्वतःला सर्वांत भावलेले काम २००४ चे आहे. तीन तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या चकत्यांकडे मिडी रोखले गेले. वाळूच्या कुळातली सिलिकेट धूळ १० मायक्रॉनजवळ आपली खूण सोडते. तिचे कण अस्फटिक असतील तर ती खूण पसरट गोल असते आणि स्फटिकरूप असतील तर तिच्यावर टोकदार उंचवटे येतात. एका दुर्बिणीने पाहिले की संपूर्ण चकतीची सरमिसळ खूण मिळते, पण व्यतिकरणमापकाने ताऱ्यापासून सुमारे दोन खगोलीय एककांच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आतला भाग वेगळा काढता आला आणि तिथली धूळ बाहेरच्या धुळीपेक्षा कितीतरी अधिक स्फटिकरूप निघाली. अस्फटिक सिलिकेटचे स्फटिक व्हायला साधारण हजार केल्विनची भट्टी लागते, त्यामुळे ताऱ्याजवळ हे होणे समजण्यासारखे आहे. गंमत अशी, की आपल्याकडे १९९७ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसलेल्या हेल-बॉपसारख्या बर्फाळ, दूर जन्मलेल्या धूमकेतूंतही स्फटिकरूप सिलिकेट सापडते. भट्टी आत आणि माल बाहेर, म्हणजे मध्ये कुणीतरी वाहतूक केली असली पाहिजे. ही वाहतूक कशी झाली असेल, यावर आजही काम चालू आहे, आणि भट्टी नेमकी कुठे होती हे दाखवणारे मोजमाप मध्य-अवरक्त व्यतिकरणाचे आहे.

पांझरा_धुळे | रात्री ९.४८

सर, लेख आवडला. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्यतिकरणाचे पट्टे प्रयोगशाळेत पाहिले आहेत, परंतु त्या पट्ट्यांवरून ताऱ्याचा व्यास कसा निघतो हे माझ्या कधीच नीट लक्षात आले नाही. पट्टे तर प्रकाशाच्या तरंगांचे असतात, ताऱ्याच्या आकाराचा त्यांच्याशी संबंध कसा येतो?

केळीबाग_रावेर | रात्री १०.३५

पांझरा, हा प्रश्न मलाही होता आणि मी तो बांधावर सोडवला, म्हणून लिहितो. आमच्याकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्रपाळीची असते, त्यामुळे केळीला पाणी द्यायला रात्री मळ्यात थांबावे लागते आणि वेळ भरपूर असतो. विहिरीवरच्या खोलीबाहेर एक दुधी काचेचा एलईडी बल्ब लावलेला आहे. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चमकी कागद घेऊन त्याला शिवणाच्या सर्वांत बारीक सुईच्या टोकाने दोन छिद्रे पाडली. दोन्ही छिद्रे डोळ्याच्या एकाच बाहुलीसमोर यावी लागतात, म्हणून त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त अंतर ठेवता येत नाही. सात-आठ कागद फाडल्यावर एक जमला. अंतर मोजण्यासाठी तो पट्टीवर ठेवून मोबाईलने फोटो काढला आणि मोठा करून पाहिला.

बांधाच्या पार टोकाला जाऊन त्या कागदातून बल्बकडे पाहिले, तर उजेडाच्या गोळ्यावर काळ्या-उजळ उभ्या रेघा स्पष्ट दिसल्या. तिथून बल्बकडे चालत यायला लागलो. रेघा जागच्या जागीच राहिल्या, पण काळ्या रेघांचा काळेपणा हळूहळू उणा होत गेला आणि बल्बपासून ५५ पावलांवर रेघाच नाहीशा झाल्या. कारण असे, की बल्बचा प्रत्येक बिंदू आपापल्या रेघांचा वेगळा संच पाडतो. बल्ब लांब असतो तेव्हा तो जवळपास एकच बिंदू असतो आणि सगळे संच एकावर एक बसतात. जवळ आलो की डाव्या कडेचा संच उजव्या कडेच्या संचापासून सरकतो आणि एकाची काळी रेघ दुसऱ्याच्या उजळ रेघेत भरून निघते. रेघा पूर्ण पुसल्या जातात त्या ठिकाणी बल्बचा कोन हा तरंगलांबी भागिले छिद्रांमधले अंतर, गुणिले १.२२ एवढा असतो. माझे पाऊल अडीच फुटांचे धरले तर अंतर ४२ मीटर झाले आणि बल्बचा व्यास ५६ मिलिमीटर आला. सकाळी पट्टीने मोजला, तो ६० भरला. पावलांनी केलेल्या मोजणीला एवढी चूक चालायची.

ताऱ्याकडे चालत जाता येत नाही, म्हणून छिद्रेच एकमेकांपासून लांब न्यायची. मायकेलसनने तुळईवरचे आरसे सरकवले आणि पारानालला दुर्बिणी लांब ठेवल्या, तत्त्व तेच आहे.

पांझरा_धुळे | रात्री १०.५०

आप्पा, हे कोणत्याही पुस्तकात इतके सोपे वाचले नव्हते. उद्याच कागद फाडायला घेतो.

सातपुडा_पायथा | रात्री ११.२०

केळीबाग आप्पांचा प्रयोग फार सुंदर आहे. गिरणाकाठ सरांच्या लेखात मात्र एक दुरुस्ती सुचवते, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे.

चार दुर्बिणी मिळून १३० मीटरचा आरसा तयार होतो, हे वाक्य पूर्ण खरे नाही. तेवढ्या आरशाचा बारकावा मिळतो, तेवढा प्रकाश मिळत नाही. प्रकाश चार ताटांएवढाच गोळा होतो आणि त्यातलाही बराचसा वाटेतल्या वीसेक आरशांवर सांडतो. शिवाय त्या कल्पित आरशाचा बहुतेक भाग रिकामा आहे. दोन दुर्बिणींमधील प्रत्येक आधाररेषा आप्पांच्या छिद्रांच्या एका जोडीसारखी आहे आणि ती त्या दिशेतल्या, त्या मापाच्या तपशिलाबद्दल एकच आकडा सांगते. चार दुर्बिणींतून सहा जोड्या निघतात. रात्रभर पृथ्वी फिरते तशा या जोड्या ताऱ्याच्या दृष्टीने वळत जातात आणि आकडे वाढतात, तरीही चित्रात भोके उरतातच. मिडीकडे एका वेळी एकच जोडी होती. त्यामुळे त्याच्या निकालांना छायाचित्र म्हणता येत नाही. आधी एक आकृती गृहीत धरायची, तिच्यापासून कोणते आकडे यायला हवेत ते काढायचे आणि मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचे, असा तो व्यवहार होता.

हवेमुळे आणखी एक नुकसान होते. प्रत्येक दुर्बिणीवरच्या हवेचा थर प्रकाशाला कमीअधिक उशीर लावतो, त्यामुळे पट्टे किती ठळक आहेत हे कळले तरी ते मुळात कुठे असायला हवेत हे हरवते. तीन दुर्बिणी असतील तर तिन्ही जोड्यांच्या सरकण्याची बेरीज केल्यावर हवेची चूक आपोआप कटते. मातिसला चार दुर्बिणी मिळाल्यामुळे ही बेरीज शक्य झाली आणि खऱ्या अर्थाने प्रतिमा बांधता येऊ लागल्या.

हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर तिमिंगल तारकासमूहातील एनजीसी १०६८ ही दीर्घिका पाहावी, जिला आपण हौशी निरीक्षक एम ७७ म्हणतो. ती सुमारे ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि तिच्या केंद्रात भरपूर खाद्य मिळत असलेले कृष्णविवर आहे. अशा सक्रिय केंद्रांचे दोन प्रकार दिसतात. एकात कृष्णविवराजवळच्या वेगवान वायूच्या रुंद वर्णरेषा दिसतात, दुसऱ्यात दिसत नाहीत. १९८५ मध्ये याच एम ७७ च्या ध्रुवित, म्हणजे विखुरताना ठरावीक दिशेतच कंप पावू लागलेल्या, प्रकाशात लपलेल्या रुंद रेषा सापडल्या आणि दोन्ही प्रकार मुळात एकच असून मध्ये मेदूवड्यासारखे धुळीचे जाड कडे असावे, असा तर्क बळकट झाला. वड्याच्या भोकातून पाहिले की केंद्र दिसते, कडेने पाहिले की झाकले जाते.

तर्क उत्तम होता, पण वडा कुणी पाहिला नव्हता. ८ मीटरच्या एकट्या दुर्बिणीला १० मायक्रॉनला पाव विकलेहून बारीक दिसत नाही, आणि हे कडे त्याच्या एक पंचमांश होते. मिडीने २००४ मध्ये तिथे सुमारे ३२० केल्विनची धुळीची रचना मोजली. ती साधारण ३.४ पार्सेक रुंद आणि २.१ पार्सेक जाड होती आणि तिच्या आत ८०० केल्विनहून तप्त असा छोटा गाभा होता. म्हणजे अख्खे धूळकडे सुमारे ११ प्रकाशवर्षांत मावणारे. ज्या दीर्घिकेला आपण तिच्या अब्जावधी ताऱ्यांमुळे ओळखतो, तिच्या वागण्याचा खुलासा एवढ्याशा जागेतल्या, आपल्या घराच्या तापमानाच्या धुळीत दडलेला होता.

गोष्ट इथे संपली नाही. पुढे मिडीनेच कर्कटकातील दीर्घिका, एनजीसी ३७८३ आणि एनजीसी ४२४ यांची केंद्रे मोजली, तेव्हा मध्य-अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग कड्यातून न येता कड्याला लंब असलेल्या ध्रुवीय दिशेतून येतो असे आढळले. नुसत्या वड्याच्या चित्रात ही धूळ बसत नाही. किरणांच्या दाबाने ती वारा होऊन वर फेकली जात असावी, असा अर्थ आज बहुतेक जण लावतात. ज्या तंत्राने तर्काला दुजोरा दिला, त्यानेच त्याला दुरुस्ती सुचवली.

एम ७७ बाबत २०२० मध्ये जवळच्या अवरक्तात काम करणाऱ्या ग्रॅव्हिटी उपकरणाने पातळ कड्यासारखी रचना दाखवली आणि कृष्णविवर त्या कड्याच्या मध्यावर असल्याचे मानले गेले. २०२२ मध्ये मातिसने ३ ते १३ मायक्रॉनपर्यंतच्या प्रतिमा मिळवून धुळीच्या तापमानाचा नकाशा काढला. तो घरातल्या तापमानापासून सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. त्यावरून कृष्णविवराची जागा वेगळी, जाड धुळीच्या कड्याआड असल्याचा निष्कर्ष निघाला. एकाच तरंगलांबीवर विसंबले तर उजळ ठिपका आणि मुख्य वस्तू यांची गल्लत होऊ शकते, म्हणून मला हे उदाहरण फार बोलके वाटते.

रूळजोड_भुसावळ | सकाळी ७.०५

आयुष्य रेल्वेच्या रुळांच्या देखभालीत गेले, त्यामुळे माझे लक्ष दुसरीकडेच गेले. तारा डोक्यावर नसून तिरका असेल, तर एका दुर्बिणीकडे प्रकाश आधी पोहोचेल आणि दुसरीकडे उशिरा. दुर्बिणींमध्ये १०० मीटर अंतर असेल आणि तारा शिरोबिंदूपासून ३० अंश कललेला असेल, तर हा फरक ५० मीटरचा भरतो. तो भरून काढल्याखेरीज पट्टे दिसणार नाहीत. वाचल्यावर कळले, की पारानालच्या डोंगराखाली बोगदा आहे, त्यात रूळ आहेत आणि रुळांवर आरशांची ट्रॉली धावते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही ट्रॉली सेकंदाला काही मिलिमीटर वेगाने सतत सरकवत राहावी लागते आणि त्यातली चूक मायक्रॉनच्या अंशात ठेवावी लागते. आम्ही रुळांतले अंतर मिलिमीटरात तपासत होतो आणि त्यातच धन्य मानत होतो.

माझी शंका अशी. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ती पाहून आलो आहे. त्या २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत, पण तिथे कुठेही बोगद्यातली ट्रॉली नाही. संदेश तारेने मध्यवर्ती इमारतीत येतात आणि उशीर यंत्रातच जुळवला जातो. इथे तसे का करत नाहीत?

सातपुडा_पायथा | सकाळी ८.४०

नाना, तसे करून झाले आहे आणि करणारी व्यक्ती साधी नव्हती. मेसर-लेसरच्या तत्त्वासाठी १९६४ चे नोबेल मिळवणारे चार्ल्स टाउन्स यांनी बर्कलीच्या सहकाऱ्यांसह आयएसआय नावाचा व्यतिकरणमापक उभारला, तोही मायकेलसनच्याच माउंट विल्सनवर. ११ मायक्रॉनचा तारकाप्रकाश प्रत्येक दुर्बिणीपाशीच कार्बन डायऑक्साइड लेसरच्या प्रकाशात मिसळला, की दोघांच्या वारंवारतेतला फरक रेडिओच्या टप्प्यात उतरतो. तो संदेश मग तारेतून नेता येतो आणि जीएमआरटीसारखाच जुळवता येतो. त्यांच्या दुर्बिणी अवघ्या १.६५ मीटरच्या होत्या आणि ट्रेलरवर बसवलेल्या असल्यामुळे हलवता येत.

तोटा असा, की लेसरच्या आजूबाजूचा अगदी चिंचोळा पट्टा तेवढा हाती लागतो आणि बाकीचा प्रकाश वाया जातो, त्यामुळे फार उजळ तारेच मोजता येतात. मिडी आणि मातिस ८ ते १३ मायक्रॉनचा सगळा पट्टा वापरतात, पण त्याची किंमत म्हणून तुमची ट्रॉली लागते.

उजळ ताऱ्यांत काक्षी आलीच. आयएसआयने तिचा व्यास ११ मायक्रॉनला सुमारे ५५ सहस्रांश विकला मोजला, म्हणजे मायकेलसनच्या आकड्यापेक्षा मोठा. दोघेही बरोबर आहेत, कारण अशा ताऱ्याला चेंडूसारखी कड नसते आणि तरंगलांबी बदलली की आपण वातावरणाच्या वेगळ्या थरापर्यंत पाहतो. २००९ मध्ये टाउन्स आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले, की १९९३ पासून तिचा हा व्यास १५ टक्क्यांनी घटला आहे. त्या वेळी टाउन्स ९३ वर्षांचे होते. तारा खरेच आक्रसला, की त्याच्यावरच्या वायूचे थर बदलले, यावर बराच वाद झाला. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण त्याच काळात ताऱ्याचा उजेड त्या प्रमाणात घटला नव्हता.

जिनिंगवाला_जळगाव | दुपारी १.३०

चर्चा उत्तम चालली आहे, पण जमिनीवरून १० मायक्रॉनला पाहणे किती अवघड आहे हे कुणी सांगितले नाही. माझ्याकडे त्याचा घरगुती पुरावा आहे.

आमच्या जिनिंगमध्ये मोटारींची बेअरिंग तापली का, हे पाहायला पिस्तुलासारखे थर्मामीटर वापरतात. त्यातली बहुतेक यंत्रे ८ ते १४ मायक्रॉनचा प्रकाश मोजतात, म्हणजे मिडीचीच खिडकी. वर्षभर ते अधूनमधून गच्चीवरून आकाशाकडे रोखत आलो आहे. जानेवारीच्या कोरड्या रात्री ते शून्याखाली वीस-पंचवीस अंश दाखवते. मे महिन्यातल्या निरभ्र रात्री शून्याच्या आसपास घुटमळते आणि आषाढातल्या भरल्या ढगांखाली थेट वीसच्या वर जाते. आकाश निरभ्र दिसले तरी हवेतली वाफ स्वतः या तरंगांत उजळत असते. अटाकामाच्या वाळवंटात डोंगर का शोधला, ते यावरून कळते.

तिथेही दुर्बिणीचे आरसे आणि वाटेतला प्रत्येक पत्रा काही अंशांवर असतो आणि चकाकतो. भर दुपारी, पेटलेल्या दिव्यांच्या दुर्बिणीतून तारे पाहण्यासारखे ते आहे. म्हणून दुय्यम आरसा सेकंदातून अनेकदा हलवतात, एकदा तारा आणि एकदा शेजारचे रिकामे आकाश पाहतात आणि वजाबाकी करतात. गिरणाकाठ सरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे मला रास्त वाटतो. वेब सूर्याकडे पाठ करून सावलीत आहे, तिचे मध्य-अवरक्त उपकरण तर ७ केल्विनपर्यंत गार केलेले आहे. ज्या मंद दीर्घिका ती सहज पाहते त्यांच्या जवळपासही मातिस पोहोचणार नाही.

पांझरा_धुळे | दुपारी २.१५

मग माझी शंका वाढली. मूठभर उजळ वस्तूंसाठी एवढा खटाटोप परवडतो का?

गिरणाकाठ | रात्री ९.००

सातपुडाताईंची दुरुस्ती मान्य आहे. मुलांना पुन्हा सांगताना १३० मीटरचे वाक्य मी बदलून घेईन. जिनिंगवाला भाऊंचा मुद्दाही पूर्ण खरा आहे. वेबला मंद दिसते आणि व्यतिकरणमापकाला बारीक दिसते, या दोन वेगळ्या ताकदी आहेत आणि एकीने दुसरीची जागा भरत नाही. वेबच्या नीरिस उपकरणातही सात छिद्रांची एक धातूची झडप आहे आणि ती ४.८ मायक्रॉनपर्यंत व्यतिकरणाचेच काम करते. केळीबाग आप्पांचा चमकी कागद लाखो किलोमीटरवर गेला आहे, असे म्हणायला हरकत नाही. पण त्या छिद्रांतले अंतर साडेसहा मीटरच्या आरशाबाहेर जाऊ शकत नाही.

पांझरा, मूठभर वस्तू म्हणशील तर त्या कमी नाहीत. २३४ बार्बरा हा लघुग्रह मिडीने मोजला, तेव्हा तो ३७ आणि २१ किलोमीटरच्या दोन गोळ्यांसारखा निघाला. ॲरिझोनातील माउंट ग्रॅहमवर एकाच चौकटीत ८.४ मीटरचे दोन आरसे बसवलेली दुर्बीण आहे. तिच्या व्यतिकरणमापकाने ४.८ मायक्रॉनला गुरूच्या आयो या चंद्रावरील लोकी हे सुमारे २०० किलोमीटर रुंद लाव्हाचे तळे पाहिले आणि त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे तापलेले असल्याचे दाखवले. एका ठिपक्यातून तळ्याचे काठ वेगळे काढणे ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

याच यंत्राचे दुसरे काम माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते पुढच्या पिढीच्या उपयोगाचे आहे. फाल्गुन-चैत्रात संध्याकाळनंतर सातपुड्याच्या अंधाऱ्या माथ्यावरून पश्चिमेला जो तिरपा दुधी राशिप्रकाश दिसतो, तो आपल्या ग्रहांमधल्या धुळीचा असतो. इतर ताऱ्यांभोवती अशी धूळ याहून फार दाट असेल, तर पृथ्वीसारखा ग्रह तिच्यात हरवून जाईल आणि त्याला शोधायला पाठवायची अवकाश दुर्बीण फुकट जाईल. म्हणून दोन आरशांचा प्रकाश अर्ध्या तरंगाच्या फरकाने असा जुळवला, की ताऱ्याचा प्रकाश स्वतःलाच खोडून टाकेल आणि शेजारच्या धुळीचा तेवढा उरेल. ही कल्पना ब्रेसवेल यांनी १९७८ मध्ये मांडली होती. ३८ ताऱ्यांची अशी पाहणी झाली आणि २०२० मध्ये निष्कर्ष आला, की सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती ही धूळ आपल्यापेक्षा साधारण तिप्पट असावी आणि जवळपास खात्रीने २७ पटींच्या आत असावी. म्हणजे अडथळा आहे, पण भिंत नाही.

त्याच युक्तीवर पुढे अवकाशात चार-पाच यानांचा मध्य-अवरक्त व्यतिकरणमापक उडवायचा विचार आहे. युरोपने डार्विन नावाने त्याचा अभ्यास केला आणि २००७ मध्ये थांबवला. आता झ्युरिकच्या पुढाकाराने लाइफ या नावाने तो पुन्हा मांडला जात आहे. दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीच्या सुमारे हजार कोटी पट उजळ दिसतो, १० मायक्रॉनला तो फरक कोटीच्या घरात येतो. शिवाय ओझोनची खूण ९.६ मायक्रॉनला आणि कार्बन डायऑक्साइडची १५ मायक्रॉनला आहे. एखाद्या ग्रहाची हवा ओळखायची तर हीच खिडकी उघडावी लागेल.

केळीबाग_रावेर | रात्री ९.४०

सर, कार्तिक अमावास्येच्या आसपास तोरणमाळचा बेत करावा. तिमिंगल तेव्हा पहिल्या प्रहरातच चांगला वर असतो, एम ७७ माझ्या आठ इंचीतून पुसट ठिपका म्हणून दिसते. मुलांसाठी चमकी कागद आणि सुया मी आणतो. बल्ब आणि लांब वायर जिनिंगवाला भाऊंनी आणावी.

जिनिंगवाला_जळगाव | रात्री ९.५५

वायर आणि थर्मामीटर दोन्ही आणतो. बल्ब मात्र ६० मिलिमीटरचा आहे हे मुलांना आधी कुणी सांगू नये.

रूळजोड_भुसावळ | रात्री १०.१०

अंतर पावलांनी मोजायचे नाही. माझ्याकडची तीस मीटरची पोलादी टेप घेऊन येतो.